गेलेला दात आणि उरलेले दात



आयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हटलं, 'अभाव' या विषयावर बोलू. ३५ वर्षं आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. नसलेल्या गोष्टीचा विचार न्याय-वैशेषिक मंडळींनी जितका बारकाईने केला तितका फार थोड्यांनी केला असेल. त्यावर चिटणीस म्हणाले, "सर, उदाहरण मात्र रोजच्या आयुष्यातलं घ्या. मागच्या खेपेला मध्यंतरानंतर निम्मा हॉल रिकामा होता." (हशा) म्हणजे अभाव तेव्हाच सिद्ध झाला होता. असो. तर आजचं उदाहरण आमच्याच तोंडातलं आहे: पडलेला एक दात, आणि त्याच्या जागी बसवलेला ब्रिज.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. आमची डॉक्टरकी तत्त्वज्ञानातली आहे, दातांची नाही. आम्ही सांगणार ते वाचून, दंतवैद्यांना विचारून आणि सोसून कळलेलं आहे. इथून उठून कुणी आमच्या भरवशावर दात काढू नये, किंवा काढायचा ठरला असेल तर तो ठेवूही नये.

आता गोष्ट सांगतो. २० वर्षांपूर्वी, वयाच्या ५४ व्या वर्षी, आमची डावीकडची खालची पहिली मोठी दाढ काढावी लागली. कीड मुळापर्यंत गेली होती. दोनअडीच महिन्यांनी हिरडी भरून आली, तेव्हा दंतवैद्य म्हणाले, "ब्रिज बसवून टाकू." आम्ही म्हटलं, "बसवा." एवढाच संवाद. वर्गात 'संमती म्हणजे काय' यावर आम्ही तीन-तीन तासिका घेत होतो आणि स्वतःच्या तोंडाबाबत एका शब्दात मोकळे झालो. त्या एका शब्दाची किंमत पुढे काय पडली, ते शेवटी सांगतो. आधी विषय नीट मांडतो.

न्यायशास्त्रात अभावाबद्दल बोलताना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. 'जमिनीवर घडा नाही' असं म्हटलं, की जो नाही तो घडा, त्याला 'प्रतियोगी' म्हणतात. आणि जिथे नाही ती जमीन, ते 'अधिकरण'. नुसतं 'नाही' असं कधी नसतं. कशाचं नाही आणि कुठे नाही, ही दोन्ही उत्तरं आल्याशिवाय वाक्य पुरं होत नाही.

अभावाचे प्रकारही आहेत. तान्ह्या बाळाला दात नसतात, पण येणार असतात. हा प्रागभाव, त्याला सुरुवात नाही, शेवट आहे. काही मुलांच्या वरच्या पुढच्या दातांपैकी बाजूचा दात जन्मतःच बनलेला नसतो, तो कधी येतच नाही. त्याला अत्यंताभाव म्हणायला हरकत नसावी. आणि आमची दाढ होती आणि गेली. हा प्रध्वंसाभाव. याला सुरुवात आहे, पण शेवट नाही. पुढे त्या जागी काहीही बसवा, ती दाढ परत आलेली नसते. दुसरी वस्तू आलेली असते.

पेशंटचं सगळं लक्ष प्रतियोगीवर असतं. 'माझी दाढ गेली, दाढ हवी.' जीभ दिवसातून शंभर वेळा तिथेच जाते. पण उपचार प्रतियोगीवर करताच येत नाही, कारण तो उरलेलाच नाही. उपचार होतो तो अधिकरणावर: ती जागा, तिथलं हाड, हिरडी, शेजारचे दात आणि समोरचा दात. आज आम्हाला हीच एक गोष्ट सांगायची आहे. ब्रिजचा निर्णय वरवर गेलेल्या दाताबद्दल वाटतो. तो खरं म्हणजे उरलेल्या दातांबद्दल असतो.

आता त्या जागेत काय घडतं ते बघू. दात काढल्यावर जबड्याचं हाड तिथे झिजू लागतं. दाताच्या मुळाभोवतीचं हाड दातासाठीच असतं. दात गेला की त्याचं काम संपतं. ही झीज पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त होते, पुढे मंदावते. शेजारचे दात मोकळ्या जागेकडे कलू शकतात. वरचा समोरचा दात, ज्याला चावायला खाली कुणी उरलं नाही, तो हळूहळू खाली उतरू शकतो. कललेल्या दातांच्या फटीत अन्न अडकतं आणि तिथे कीड व हिरडीचा आजार यांना वाट मिळते.

'शकतो', 'शकतात' असं आम्ही मुद्दाम म्हणतोय. प्रत्येकाच्या तोंडात हे सगळं होतंच असं नाही आणि सारख्या वेगाने होत नाही. नेदरलंडमधल्या नायमेखेन इथले दंतवैद्य अर्न्ड कायझर यांनी १९८१ मध्ये मांडलं, की पुढचे आणि उपदाढांपर्यंतचे मिळून २० चांगले दात असतील तर अनेक माणसं मागच्या दाढा नसतानाही नीट खातात, बोलतात आणि समाधानी असतात. म्हणजे 'काहीच करू नका' हाही एक पर्याय आहे. सर्वात मागची दाढ गेली तर बहुतेकदा हाच पर्याय योग्य ठरतो. जागा रिकामी आहे म्हणून ती भरलीच पाहिजे, असा नियम नाही. रिकाम्या जागेने काय बिघडतंय हे आधी विचारायचं.

समजा, जागा भरायची ठरली. तर ब्रिज म्हणजे नेमकं काय?

नाव पुलावरून आलं आणि ते चपखल आहे. पुलाला दोन्ही तीरांवर खांब लागतात. तसं गेलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंच्या दातांना घासून बारीक करतात, त्यांच्यावर कॅप बसवतात आणि त्या दोन कॅपना जोडलेला खोटा दात मध्ये अधांतरी राहतो. तो हाडात रुतलेला नसतो, हिरडीला जेमतेम टेकलेला असतो. तिन्ही मिळून एकच तुकडा. म्हणून दंतवैद्य त्याला 'तीन युनिटचा ब्रिज' म्हणतात आणि पैसेही तीन युनिटचे घेतात. पुष्कळांना वाटतं, 'दात एक गेला, मग तीन दातांचे पैसे कसे?' त्याचं उत्तर या रचनेतच आहे. कवळी रात्री काढून ठेवता येते. ब्रिज सिमेंटने पक्का चिकटवतात, तो आपल्याला काढता येत नाही.

ही कल्पना जुनी आहे. मध्य इटलीतल्या एट्रुस्कन लोकांच्या थडग्यांत सोन्याच्या पट्ट्यांनी बांधलेले दात सापडले आहेत. काही अडीच हजार वर्षांहून जुने आहेत. सोन्याची पातळ पट्टी शेजारच्या दातांभोवती फिरवायची आणि मधल्या रिकाम्या जागी माणसाचा किंवा जनावराचा दात त्या पट्टीत अडकवायचा. पुढे रोमच्या 'बारा पाटांच्या' कायद्यात, म्हणजे इसवी सनापूर्वी ४५० च्या सुमारास, मृतासोबत सोनं पुरायला बंदी केली. पण ज्याचे दात सोन्याने बांधलेले आहेत त्याला तसंच पुरलं किंवा जाळलं तर गुन्हा नाही, अशी सवलत ठेवली. कायद्यात वेगळं कलम घालावं लागलं, म्हणजे असे दात अगदी विरळ नसणार.

या जुन्या कामात एक गोष्ट ध्यानात घ्या. पट्टी शेजारच्या दातांना नुसता विळखा घालायची. दात घासून बारीक करण्याचं साधनच तेव्हा नव्हतं. १८७१ साली अमेरिकेत पायाने चालवायचं दंतयंत्र आलं, आणि १९५७ मध्ये हवेच्या दाबावर प्रचंड वेगाने फिरणारं ड्रिल बाजारात आलं. दात कापणं सोपं झालं, भुलेमुळे ते दुखेनासंही झालं. एखादी गोष्ट सोपी आणि न दुखणारी झाली, की ती करावी का, हा प्रश्न विचारायचा राहून जातो. आमचं तेच झालं.

काम कसं चालतं ते सांगतो. पहिल्या भेटीत भूल देऊन दोन्ही आधाराचे दात सगळ्या बाजूंनी घासतात, साधारण १ ते २ मिलिमीटर. ऐकायला हे थोडं वाटतं. पण दात केवढा असतो? पूर्ण कॅपसाठी दात घासला, तर हिरडीवर दिसणाऱ्या भागातला दोन तृतीयांशाच्या आसपास भाग जातो. मग माप घेतात, तात्पुरती कॅप लावतात, माप लॅबमध्ये जातं. धातूवर पोर्सेलिन, किंवा झिर्कोनिया, जे ठरलं असेल त्याचा ब्रिज तयार होऊन येतो. तो घालून बघतात, चावण्याची उंची जुळवतात आणि सिमेंटने बसवतात. दोन-तीन भेटींत आणि दोनेक आठवड्यांत माणूस दोन्ही बाजूंनी जेवायला लागतो. हा ब्रिजचा मोठा गुण आहे. त्यात शस्त्रक्रिया नाही आणि महिनोन्महिने थांबणंही नाही.

पण जे घासलं ते परत येत नाही. दाताच्या बाहेरचं कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातला सर्वात कठीण पदार्थ. ते बनवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येईपर्यंत संपून गेलेल्या असतात. कातडी भरून येते, हाड जुळतं, एनॅमल मात्र पुन्हा तयार होत नाही. म्हणून ज्या दातावर एकदा कॅप बसली त्याला जन्मभर कॅपच लागणार. आपल्याकडे म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं. एका किडक्या दातापायी दोन शाबूत दातांचं कवच गेलं, तर त्याला दुसरी म्हण लागू पडत नाही.

उलट बाजूही सांगायला हवी. शेजारच्या दोन्ही दातांत आधीच मोठी चांदी भरलेली असेल, ते तडकलेले असतील, रूट कॅनॉल होऊन त्यांना कॅप लागणारच असेल, तर हिशोब बदलतो. मग ब्रिजने काही नवीन हिरावून घेतलं असं होत नाही. तिन्ही कामं एका झटक्यात होतात. अशा वेळी ब्रिज हा शहाणपणाचा पर्याय आहे. म्हणजे 'ब्रिज चांगला की वाईट' हा प्रश्नच चुकीचा. 'कोणत्या शेजाऱ्यांवर?' हा प्रश्न बरोबर.

आता भाराचा विचार करू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, जाडी साधारण ०.२ मिलिमीटर. त्यामुळे दात किंचित दबतो आणि भातातला खडा लगेच कळतो. ब्रिजमध्ये तीन दातांवर पडणारा भार दोन दातांच्या मुळांनी पेलायचा असतो. मग ती मुळं पुरेशी आहेत का, हे कसं ठरवायचं? १९२६ मध्ये अँटे नावाच्या दंतवैद्याने एक नियम सांगितला: आधाराच्या दातांच्या हाडातल्या मुळांचं एकूण क्षेत्रफळ गेलेल्या दातांच्या मुळांइतकं किंवा त्याहून जास्त हवं.

आमच्याच तोंडाचा हिशोब घालू. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेच्या मुळाचं क्षेत्रफळ सरासरी ४३१ चौरस मिलिमीटर. ती गेली. पुढची शेजारीण दुसरी उपदाढ, २०७. मागची शेजारीण दुसरी मोठी दाढ, ४२६. दोघींची बेरीज ६३३. गेलेल्या ४३१ पेक्षा भरपूर जास्त. म्हणजे या नियमाने आमचा पहिला ब्रिज अगदी पास होता. हा नियम अंदाजापुरता आहे, हेही सांगायला हवं. १९८२ मध्ये स्वीडनच्या निमन आणि एरिक्सन यांनी दाखवलं, की हिरडीचा आजार नीट आटोक्यात ठेवला, तर नियमात न बसणारे ब्रिजही वर्षानुवर्षं टिकतात. पण मोजण्याची दिशा बघा: मोजमाप उरलेल्यांचं चाललंय.

दुसरा हिशोब लांबीचा. दोन टेकूंवर ठेवलेली फळी मध्ये दाबली तर वाकते. लांबी दुप्पट केली तर ती दुप्पट नाही, आठपट वाकते. तिप्पट केली तर २७ पट. म्हणजे एक दात गेला असताना ब्रिज जितका वाकेल, त्याच्या आठपट दोन दात गेले असताना, जाडी तीच ठेवली तर. वाकला की पोर्सेलिनचा टवका उडतो किंवा आधारावरचं सिमेंट सुटतं. म्हणून लांब ब्रिज म्हटलं की दंतवैद्य कपाळाला आठ्या घालतात.

प्रकार थोडक्यात सांगतो. दोन्हीकडे आधार असलेला तो नेहमीचा ब्रिज. एकाच बाजूला आधार आणि खोटा दात सज्जासारखा पुढे आलेला, तो दुसरा. पूर्ण कॅपचा असा सज्जा मागच्या दाढांत जोखमीचा, कारण आधाराच्या दातावर पिळवटणारा जोर येतो. तिसरा प्रकार चिकटवलेला ब्रिज. फ्रान्समध्ये रोशेट यांनी १९७३ मध्ये त्याची कल्पना मांडली आणि पुढे अमेरिकेतल्या मेरिलंड विद्यापीठातल्या कामावरून त्याला 'मेरिलंड ब्रिज' हे नाव पडलं. यात शेजारच्या दातांच्या मागच्या बाजूला पातळ पंख चिकटवतात, दात जवळजवळ घासावाच लागत नाही. जन्मतः पुढचा दात नसलेल्या तरुण मुलामुलींसाठी हा फार उपयोगाचा.

या मेरिलंड ब्रिजमधून एक धडा मिळाला. आधी त्याला दोन्ही बाजूंना पंख असत. अनुभव असा आला, की एक पंख सुटायचा, दुसरा धरून ठेवायचा. ब्रिज तोंडातच राहायचा, पेशंटला पत्ता नसायचा आणि सुटलेल्या पंखाखाली कीड लागायची. मग पुढच्या दातांसाठी एकाच पंखाचा ब्रिज करू लागले. तो टिकतोही चांगला आणि सुटलाच तर सरळ हातात येतो. कळतं, पुन्हा चिकटवता येतो. बिघाड झाला तर तो लगेच कळावा, हा मोठा गुण आहे.

आणि आता आमच्या गोष्टीकडे वळतो.

आमचा ब्रिज १७ वर्षं टिकला. आम्ही त्यावर हुरडा, शेंगदाणे, चिवडा सगळं खाल्लं. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तर १० वर्षांनी १० पैकी साधारण ९ ब्रिज तोंडात असतात. म्हणजे आमचा चांगलाच निघाला. आमच्या त्या दंतवैद्यांच्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. पण 'तोंडात आहे' आणि 'ठीक आहे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्याच अभ्यासांत असंही दिसतं, की ज्या आधारांची नस बसवताना जिवंत होती, त्यांतल्या सुमारे दहात एकाची नस १० वर्षांत मरते. आणि कॅपच्या कडेला, हिरडीपाशी, कीड लागणं हे ब्रिज जाण्याचं नेहमीचं कारण.

पुढच्या उपदाढेवरचं सिमेंट केव्हातरी झिरपून गेलं. मागची दाढ ब्रिज घट्ट धरून होती, म्हणून तो हलला नाही, दुखलाही नाही. आत कीड चालू होती. वास येऊ लागला तेव्हा आम्ही गेलो. आताच्या आमच्या दंतवैद्य तरुण बाई आहेत. त्यांनी ब्रिज कापून काढला आणि त्यासोबत उपदाढ हिरडीपाशी मोडून आली. ज्या दिवशी तिच्यावर कॅप बसली, त्या दिवशी त्या उपदाढेत साधं सिमेंटसुद्धा भरलेलं नव्हतं. अगदी शाबूत दात. एक दाढ गेली होती तिथे आता दोन दात गेले. आम्हाला वाईट वाटलं ते दात गेल्याचं नाही, वयाप्रमाणे दात जातात. वाईट याचं वाटलं, की त्या दाताबद्दल कुणी काही विचारलंच नाही, आणि विचारायचं काम आमचं होतं.

बाईंनी पर्याय सांगितले. पहिला, चार युनिटचा नवा ब्रिज. आधार मागची मोठी दाढ आणि पुढची पहिली उपदाढ. आता पुन्हा हिशोब करा. पहिल्या उपदाढेचं मूळ सरासरी १८०, मागच्या दाढेचं ४२६, बेरीज ६०६. गेलेल्या दोघींची बेरीज ६३८. अँटेचा नियम चुकला, लांबी दुप्पट झाली आणि पुन्हा एक शाबूत दात घासायचा. आम्ही विचारलं, "आणि हीसुद्धा गेली तर?" त्या म्हणाल्या, "मग सुळा." म्हणजे एकाच्या मागे एक शेजारी.

दुसरा पर्याय इम्प्लांट. स्वीडनच्या ब्रोनमार्क यांना १९५२ मध्ये सशांच्या हाडावर प्रयोग करताना दिसलं, की टायटॅनियम धातू हाडाशी एकजीव होतो. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले. इम्प्लांटमध्ये शेजाऱ्यांना हात लावावा लागत नाही. रिकाम्या जागेचा भार त्या जागेतलंच हाड पेलतं. पण इम्प्लांट म्हणजे अमृत नव्हे. पुरेसं हाड लागतं. शस्त्रक्रिया आहे, खर्च मोठा आहे आणि बहुधा तीन ते सहा महिने थांबावं लागतं. तंबाखू आणि आटोक्यात नसलेला मधुमेह हे त्याचे वैरी. नीट साफ न ठेवल्यास त्याच्याभोवतीची हिरडी आणि हाडही आजारी पडतं. आणि १० वर्षांनी तोंडात राहण्याचं प्रमाण बघितलं तर ब्रिज आणि इम्प्लांटवरचा दात यांच्यात फार अंतर नाही. फरक पडतो तो, बिघडल्यावर कुणाला घेऊन बिघडतो, यात.

तिसरा पर्याय काढ-घाल करायची छोटी कवळी. स्वस्त, दात फारसे घासावे लागत नाहीत, पण तोंडात सवय व्हायला वेळ लागतो. चौथा, तसंच राहणं.

आम्हाला मधुमेह आहे. बाई म्हणाल्या, "सर, आधी साखर आटोक्यात आणा, मग इम्प्लांटचं बोलू." सध्या आम्ही छोटी कवळी वापरतो. आता बोलताना ती खिशात डबीत आहे. (हशा) दिवाळीनंतर रक्ताचे रिपोर्ट चांगले आले तर इम्प्लांट, नाही तर ही डबी. पहिल्या उपदाढेला मात्र हात लावायचा नाही, एवढं ठरवलंय.

तुमच्यावर अशी वेळ आली तर दंतवैद्यांना चार प्रश्न विचारा. एक: ही जागा रिकामी ठेवली तर माझ्या तोंडात काय बिघडेल? दोन: आधाराच्या दातांची आजची अवस्था काय, ते शाबूत आहेत की त्यांना तशीही कॅप लागणार? एक्स-रे दाखवायला सांगा. तीन: न घासता किंवा कमी घासून काही करता येईल का? चार: हे पुढे बिघडलं तर कसं बिघडेल, आणि तेव्हा माझ्याकडे काय उरेल? चांगला दंतवैद्य या प्रश्नांनी चिडत नाही. आम्ही २० वर्षांपूर्वी विचारले असते तर कदाचित ब्रिजच बसवला असता, कारण तेव्हा आमच्या खिशाला इम्प्लांट परवडलं नसतं. पण तो आमचा निर्णय झाला असता.

ज्यांच्या तोंडात ब्रिज आहे त्यांनी घाबरू नये, पण साफसफाई शिकून घ्यावी. ब्रिजचे दात एकमेकांना जोडलेले असल्यामुळे साधा दोरा वरून आत जात नाही. टोक ताठ असलेला सुपरफ्लॉस खोट्या दाताखालून ओवावा लागतो, किंवा फटीतला बारीक ब्रश वापरावा लागतो. नुसत्या चुळा भरून तिथलं कीटण जात नाही. मिश्री लावायची सवय असेल तर सोडा; तिने दात साफ होत नाहीत, हिरड्या खराब होतात. आणि दुखत नसलं तरी वर्षातून निदान एकदा दाखवून या, कडा तपासायला सांगा. आमचा ब्रिज १७ वर्षं दुखला नाही, हेच आमचं दुर्दैव ठरलं.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आलेत. पहिला: "रूट कॅनॉल झालेला दात ब्रिजला आधार म्हणून चालतो का?" चालतो, पण तो आधीच पोखरलेला असतो, त्यामुळे मोडण्याचा धोका जास्त. त्याच्यावर लांब ब्रिजचा किंवा सज्जाचा भार टाकू नये, असं दंतवैद्य सांगतात.

दुसरा: "आईचं वय ८२. दोन दाढा नाहीत. मुलं म्हणतात ब्रिज करा, ती नको म्हणते." ताई, आईंना जेवताना त्रास होतो का ते आधी त्यांनाच विचारा. भाकरी दुधात कुस्करून त्या आनंदाने खात असतील, हिरड्या निरोगी असतील, तर उरलेले दात सांभाळणं हाच उपचार. त्रास होत असेल तर त्यांना समोर बसवून दंतवैद्यांशी बोला, त्यांना बाहेर बाकावर बसवून नको. दात त्यांचे आहेत.

वेळ झाली. या खेपेला हॉल भरलेला दिसतोय, म्हणजे चिटणीसांचं म्हणणं खरं होतं.